परिशिष्ट क

टॅलबर्ट काउंटी, ओक्लाहोमा. शेरीफच्या तळघरात
मला एक टेबल दिलंय, एक पंखा,
आणि डोनटचं अर्धं खोकं, पाहुणचार म्हणून.
मी राज्याची हिशेबतपासनीस.
हिरवी पेन्सिल अजून सुटलेली नाही,
सातारच्या उमेदवारीतली सवय.

फाइल क्रमांक एकशे अठरा.
खटल्याचं नाव वाचते, चष्मा पुसून पुन्हा वाचते:
राज्य विरुद्ध अकरा हजार तीनशे चाळीस डॉलर.

आरोपीला तोंड नाही.
तोंडं आहेत तशी, छापलेली,
पण ती सगळी मेलेली माणसं.
वकील मागायचा हक्क माणसाला, नोटेला नाही.
आपण म्हणतो, चोर सोडून संन्याशाला फाशी.
इथे संन्याशालाही सोडलं,
जपून जा म्हणून हात हलवला.
फाशी झोळीला.

संन्याशाचं नाव टेलमन लँग्रीन. मांसाच्या कारखान्यात रात्रपाळी.
अटक नाही. दंड नाही. लेन बदलताना
दिवा न दाखवल्याची तोंडी समज.
अधिकाऱ्याचा शेरा: लहान नोटा, रबरबँड, चालक घामाघूम.
तारीख बघते, सोळा ऑगस्ट.
ओक्लाहोमात सोळा ऑगस्टला घाम न येणारा माणूस
मला अजून भेटायचाय.

मावशी वारली होती. तिला तिच्या बेटावर न्यायचं होतं,
मजुरोला, तीन विमानं बदलून,
पेटीचं भाडं वेगळं.
चर्चमध्ये पाकिटं फिरली.
हे सगळं त्याने लिहून पाठवलंय, सावकाश अक्षरात,
शेहेचाळिसाव्या दिवशी.
मुदत पंचेचाळीस.
नोटीस जुन्या पत्त्यावर गेली होती, हेही लिहिलंय.
मावशी पोचली का शेवटी?
फाइलीत तो रकाना नाही.

पैसे बँकेत. पाकिटं मुद्देमालाच्या कपाटात,
‘वेष्टन’ अशी नोंद. त्रेसष्ट, रिकामी,
प्रत्येकावर निळ्या शाईत नाव आणि आकडा.
हर्टिना, ४०.
विल्सन आणि घरची, १५०.
बेकरीतली लिजा, २५, आणि खोडून, ३०.
एकावर नुसतं: मुलं, ७.

बेरीज करते. पुन्हा, खालून वर.
अकरा हजार चारशे बारा.
फरक बहात्तरचा.

कुंपण शेत खातंय का, हे बघायला मला पाठवलं होतं.
कुंपणाला खायची परवानगी आहे.
कलम, उपकलम, न्यायाधीशाची सही, सगळं जागच्या जागी.
त्या फंडातून घेतलेली ट्रेडमिल चालू स्थितीत,
जत्रेसाठीच्या पॉपकॉर्न मशीनला तीन कोटेशनं जोडलेली.
पेन्सिल पानापानांवरून फिरते, टेकायला जागा मिळत नाही,
मिळते ती या बहात्तरापाशी.

सोमवारच्या बैठकीत शेरीफ उभा राहिला.
चूक झाली, म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.
भला माणूस. माझी खुर्चीही त्यानेच ओढून दिलेली.
बहात्तर डॉलर भरून द्यायचं ठरलं.
कुठे? फंडात.
ठराव मंजूर, तीन विरुद्ध शून्य.

अहवालाच्या शेवटी मी एक परिशिष्ट जोडलं होतं, क.
त्रेसष्ट नावं, समोर आकडे, खाली बेरीज.
अध्यक्षा लोरेटा व्हिटसिट यांनी विचारलं,
हे इतकं लागतं का?
फरक सिद्ध करायला लागतं, मी म्हटलं.
जे खरं होतं, बहात्तर डॉलरांपुरतं.

त्यांनी अंगठा जिभेला लावला, पहिलं पान उलटलं.
मुलं, ७ हे दुसऱ्या पानावर आहे, तळाशी.
तिथून त्यांचा अंगठा
बराच वेळ उचलला नाही.