शून्यावर येत नाही

लॅम रोडवरनं, खोर्शेदबाईंच्या गेस्टहाउसातून
छोट्या हत्तीत आडवं घालून आणलं ते.
पाय सुटे करून गोणपाटात बांधलेले.
काचेवर सर्कशीतली एक बाई, तिचा अर्धा चेहरा
पापुद्रे सुटून वाटेतच सांडला असावा,
बिटको चौकाच्या आसपास कुठेतरी.

"लहानपणी मी हेच्यावर रोज हरायची," त्या म्हणाल्या.
"चालू झालं तर बोलाव.
नाय झालं तर फळी चांगली हाय, कपाट कर."

मी सातपूरला बावीस वर्षं कॉइली गुंडाळल्या.
तार केसाएवढी, वेढे नऊशे सत्तर.
गुंडाळताना बोलायचं नाही, आकडा सुटतो.
कंपनीला टाळं लागलं त्या दुपारी
मी चारशे बारावर होते.

झाकण उचललं.
आत रिले ओळीनं, पंगतीला बसल्यासारखे,
वाढपी कधीचा निघून गेलेला.
तारांना सुती वेष्टण, हिरव्यावर पिवळी रेघ,
पांढऱ्यावर लाल, एकही रंग उगीच नाही.
जोडणीचा नकाशा होता म्हणे.
उंदरीण बाळंत झाली होती त्याच्यावर.

पुतण्या म्हणाला, आत्या, हे सगळं काढून टाक,
एक बोर्ड बसवू, तळहाताएवढा. तेच काम करेल.
मी म्हटलं, पक्कड दे.

आणि डाव्या बाजूला, कडीच्या मधोमध,
टांगलेला ओळंबा.
माझा बाप गवंडी. हात आपोआप थांबला.
बाप भिंत सरळ ठेवायला सोडायचा.
इथे तो माणसाची लबाडी धरतो:
कुणी यंत्राला ढकललं की कडीला टेकतो
आणि खेळ तिथंच मरतो.

भद्रकालीतल्या भंगारातून ट्रान्सफॉर्मर आणला,
एकशे दहाचा, कारण हे परदेशी जीव
आपली वीज पचवत नाही.
बटण दाबलं.
मोटर फिरली. फिरतच राहिली.
घर्र, घर्र, घर्र, आकड्यांची चाकं
शून्य शोधत, थांबेचनात.
शेजारच्या रंभाताईंनी भिंतीवर थाप मारली.

तीन रात्री टेस्ट लॅम्प घेऊन बसले.
हजाराचं चाक शून्यावर. शतकाचं शून्यावर.
एककाचंही.
दशकाचं चाक? तेही शून्यावरच की,
सरळ समोर दिसतंय.
पण त्याच्या पाठीमागची पत्र्याची जीभ काळी पडलेली.
ते पोचलं होतं,
पोचल्याचं सांगू शकत नव्हतं.

लग्नपत्रिकेची एक कड कातरली,
दोन टिकल्यांच्या मधून ओढली,
पुन्हा ओढली. कागदावर काजळाची रेघ.
ठक्.
मोटर थांबली. इतकी शांतता
की फ्रिजचा आवाज मला नवीन वाटला.

डाव्या फ्लिपरची कॉइल जळालेली निघाली,
वास अजून तिच्यात.
ती मात्र विकत मिळणार नव्हती.
शिलाई मशीनच्या चाकावर रीळ अडकवलं,
तार बोटांत धरली, पहिला वेढा घातला
आणि तोंडातून निघालं: चारशे तेरा.
हसले नाही. तसंच मोजत गेले.

शेवटी अडलं ते चवन्नीवर.
फट कुणीतरी कानसीनं घासून चार आण्यांची केलेली.
सराफ बाजाराच्या तोंडाशी चादर पसरून बसणारा
एका चवन्नीचे वीस रुपये घेतो, वर म्हणतो,
चालत नाही बरं का ताई ही आता.

रविवारी खोर्शेदबाई आल्या, काठी, गुडघ्याला पट्टा.
दिवे लागले. अर्ध्या चेहऱ्याची बाई उजळली.
पहिली गोटी गेली. दुसरी
मधल्या फटीकडे निघाली तशी
काठी टाकून बाईंनी
कंबरेनं असा धक्का दिला यंत्राला!
ओळंबा कडीला लागला. सगळं गप्प. अंधार.

"अरे वा," त्या म्हणाल्या, धापा टाकत,
"अजून तसाच खडूस हाय."
आणि पर्समध्ये
चवन्नी शोधू लागल्या.