दोन काड्या

पाच महिने मी तुझ्याशी पायरीवर बसून बोलले.
आत दोन काड्या, स्वयंपाकघरात एक,
आपल्या खोलीत नुसतं गोल गोल फिरणारं चाक.
पायरीवर चार.
त्यामुळे कोरगावात आता सगळ्यांना माहीत आहे
तुझ्या बोटीवर दिवसाला किती चादरी धुतात,
आणि पोदेर पाव मोजता मोजता
फोनमध्ये डोकावून तुला विचारतो,
"कितें रे, गुडघो कसो आसा?"

काल एल्टन आला, म्हापशाहून, खांद्याला वायरीचं वेटोळं.
हेल्मेट न काढताच त्याने राउटर हुडकला:
टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाला टेकलेला,
वर तुझ्या आईने विणलेला रुमाल, धूळ बसू नये म्हणून.
"बाय, ह्याचा जीव गुदमरतो," म्हणाला.
मग भिंतीवर टिचकी मारली.
"चिरा. चिऱ्यात लोखंड. म्हणून तर लाल.
असल्या तीन भिंती ओलांडायच्या म्हणजे
त्याने तरी किती धावायचं?"

मला इतके दिवस वाटत होतं, तुझी बोट.

फोन तळहातावर धरून तो खोल्याखोल्यांतून हिंडला,
विहिरीची जागा बघणारा नारळ घेऊन हिंडतो तसा.
फ्रीजपाशी थांबला, मान हलवली.
माशांच्या टाकीपाशी: "पाणी खातं."
आरशाच्या कपाटापाशी: "हे परत पाठवतं."
घरात किती वस्तू आपण हौसेने आणल्या,
त्यांतली एकही आपल्या बाजूची नव्हती.

मग शिडी. वाशांवरून वायर, मांजराच्या वाटेने,
थेट मधल्या दारावर दुसरा डबा.
एक शेंडी उभी, एक आडवी.
सगळी वाडी म्हणे सहा नंबरच्या चॅनेलवर
दाटीवाटीने बसली होती,
आपल्याला त्याने अकरावर नेऊन बसवलं.
आणि दोन नावं दिली:
एक लांब जाणारं, पण संथ,
एक वेगवान, पण भिंत दिसली की बसकण मारणारं.
"कुठलं घेऊ?" विचारलं तर म्हणाला,
"तुम्ही कुठे बसता त्यावर आहे."

जाता जाता मोजून दाखवलं.
घरात फोन एक, जोडलेले सात.
पासवर्ड बदलला.
संध्याकाळी मोरीच्या कठड्यावर रोजची पोरं
आभाळाकडे फोन धरून बसली होती,
कुणी वारल्यासारखी गप्प.
शेवंताच्या उदयला मी नवा सांगितला. त्याची परीक्षा आहे.
बाकीच्यांचं तो बघेल.

रात्री तुझा फोन. तुझ्याकडे कुठलंसं बंदर, नेट फुकट.
मी पलंगावर, उशीला टेकून, पहिल्यांदाच.
आणि तू आलास तो अख्खा आलास.
चौकोन चौकोन होऊन नाही,
आधी ओठ आणि मागून शब्द, असंही नाही.
कानामागे केस पांढरे झालेत तुझे. कधीपासून?
डाव्या मनगटावर इस्त्रीचा डाग होता, तो तू झाकलास.
तुलाही माझ्यामागची ओल दिसली असणार,
जिला मी जूनपासून "थोडीशीच" म्हणत आलेय.

मग दोघंही गप्प झालो.
पूर्वी असं झालं की मी म्हणायचे, "हॅलो? अडकलास वाटतं,"
तू म्हणायचास, "नेट गेलं असेल,"
आणि दोघांची सुटका व्हायची.
काल तुझ्या मागे केबिनमधला छोटा पंखा दिसत होता.
तो फिरत होता,
म्हणजे सगळं चालू होतं.

एल्टनने बाराशे घेतले, वायरीचे वेगळे.
ओल भिंतभर आहे.
आता तो हात वर धर बघू.