दिव्याची वायर

गुंडाप्पा बिरादारनं केबिनमध्ये मायक्रोवेव्ह बसवून घेतला,
माझ्याकडूनच, जालन्यात, मोंढ्यामागं, पोळ्याच्या आदल्या दिवशी.

इन्व्हर्टर सीटखाली. वायर बोटाएवढी जाड,
फ्यूज बॅटरीपासून वीतभरावर.
चारी पायांखाली जुन्या ट्यूबचे तुकडे;
सळया भरलेली गाडी हादरते ती मुळापासून.
"इंजिन चालू असल्याबिगर बटण दाबायचं नाही,"
म्हटलं. त्यानं मान डोलावली, सगळेच डोलावतात तशी.

सहा महिन्यांनी आला. टर्मिनलवर पांढरा बुरा.
गरम पाणी ओतून घासला, नट आवळले,
मग दार उघडलं :
आरसीबुक, टोलच्या पावत्या, बीपीच्या गोळ्या,
उदगीरच्या शाळेतली पोरीची मार्कशीट.

"आन् जेवण?"
"भाकरीचं कातडं होतंय ह्याच्यात.
पर सगळ्या केबिनमदी
हीच एक जागा खडखडत नाही.
रात्री दार उघडलं की उजेड बी पडतो."

मी काही बोललो नाही.
फिरती काच पुसून बसवली,
कागद होते तसे ठेवले.
मागचं पत्र्याचं झाकण उघडून
सुरू करायच्या बटणाची पिन तेवढी काढून घेतली.

दिव्याची राहू दिली.