वळसा

आमच्या ओट्सच्या शेतातून ग्रॅनाइटच्या धोंड्यांच्या
चार रांगा जातात.
सरळ नाहीत. टेकाडाचा चढ बघून रोवलेल्या,
रणगाड्याचं पोट अडकेल एवढ्याच उंच.
सरकारी कागदात या रेषेचं नाव साल्पा,
म्हणजे कडी. रात्री दाराला लावतो ती.

एक्केचाळीसच्या मार्चमध्ये, बर्फ टणक होता तेव्हा
घोड्यांनी ते ओढून आणले.
आई, हिल्का, सोळा वर्षांची,
दीडशे माणसांसाठी वाटाण्याचं सार ढवळायची.
त्यांच्यात एक पाथरवट होता, उत्तरेकडचा,
वेइक्को की वाइनो,
आई दर वेळी वेगळं नाव सांगायची,
आणि वडील घरात असले तर नावच नाही.
दुसऱ्या रांगेतल्या एका धोंड्यावर
त्यानं छिन्नीनं मासा कोरला.
बदाम नाही. मासाच.

कडी लावली, आणि दारावर कुणी आलंच नाही.
आले ते ससे, मोजणीवाले,
आणि एका रविवारी पुल्क्किनेनची गाभण गाय,
जी दोन धोंड्यांत रुतली ती रुतलीच.
साबणाच्या अकरा वड्या लागल्या.
आमच्या शिवारात अडकलेला
तेवढा एकच रणगाडा.

वडील दर सुगीला वहीत मांडायचे:
धोंड्यांखाली गेलेली जमीन, साडेतीन पोती.
हिशोब कुणाकडे पाठवायचा ते ठाऊक नव्हतं,
वही कपाटात जायची.
एकदा यंत्रवाला बोलावला. साखळी तुटली.
तो म्हणाला, वर आहे त्याहून जास्त खाली आहे.
कॉफी प्यायला आणि गेला.

सप्टेंबरात सूर्य गेल्यावरही
धोंडा तासभर ऊन धरून ठेवतो.
आई कामं आटपून माशाला पाठ लावून बसायची,
डोळे मिटून. आम्ही हाक मारायचो नाही.

वडिलांचं शेवटचं वर्ष कोत्काच्या इस्पितळात गेलं.
लांबच लांब गुळगुळीत व्हरांडा.
ते चार पावलं सरळ टाकायचे,
मग डावीकडे जरासा वळसा,
पुन्हा चार पावलं.
नर्सला वाटलं, तोल जातोय.
मी तिला काही सांगितलं नाही.
त्यांच्या दंडाला धरून चालले,
आणि वळायचं तिथं
मीही वळले.