डाव्या कानाची खाच

काचाज नेकला जूनमध्ये बादलीतलं पाणी गोठतं.
आमच्या गुरेचोरी पथकात सात माणसं,
सात टेबलं, सात खण,
किल्ल्या ज्याच्या त्याच्या कमरेला.
झाकली मूठ सव्वा लाखाची,
हे कुणी शिकवलं नाही आम्हाला.
बघूनच शिकलो.

म्हाताऱ्या मोखेथींना डोंगराअलीकडचे पलीकडचे
सगळे डाग तोंडपाठ.
कुठल्या गावचा मांडीवर, कुठल्या घरचा खांद्यावर,
कुणाची तांबडी गाय हाक मारली की
आधी उजवं शिंग वळवते.
निवृत्तीच्या दिवशी पथकानं त्यांना घोंगडी दिली.
त्यांनी ती पांघरली,
आणि छत्तीस वर्षं तिच्यात गुंडाळून
घरी घेऊन गेले.

मी विचारणार होते.
पण केक कापायचा होता.

माझ्या वहीत मार्चपासून एक ओळ पडून होती:
डाव्या कानाला खाच, जुनी खाच नवीखाली दडवलेली.
फळीच्या भिंतीपलीकडे सार्जंट न्त्सेकीच्या फायलीत
एका पांढऱ्या ट्रकचा नंबर होता,
मालक नव्हता.
घाट उतरून सीमेपलीकडे, मटाटिएलेच्या ठाण्यात,
झोलेकाकडे मालक होता,
गुरं नव्हती.
न्त्सेकीचा खोकला मला रोज ऐकू यायचा.
तो कुठल्या गोळ्या घेतो, तेही ठाऊक होतं.

आणि सेखोबे, मालेरातोबाईंचा गुराखी,
वय सतरा, कोठडीत.
सहा गायी त्याच्या राखणीतून गेल्या
म्हणजे त्यानंच नेल्या:
आम्हा सातांचं एकमत झालेली
ती वर्षातली एकमेव गोष्ट.

एकशे तेरा दिवस.

मग न्त्सेकी मीठ मागायला आला.
बायकोनं डब्यात विसरलं होतं.
वही उघडी होती, मी कान काढून ठेवला होता
पेन्सिलीनं, वेड्यावाकड्या रेघांत.
"हा कान," तो म्हणाला,
हातात मिठाची बाटली तशीच,
"हा कान मी ट्रकच्या फटीतून बघितलाय."
मी फोन उचलला.
झोलेकानं नाव सांगितलं इतक्या सहज,
जणू कुणी किती वाजले विचारलं.
"मला कुणी विचारलंच नाही," ती म्हणाली.
तेही खरंच.

चार गायी मिळाल्या. दोन पोटात गेल्या होत्या कुणाच्या तरी.

सेखोबेला सोडलं तेव्हा कागदांवर सह्या घेताना
त्यानं आमच्या खोल्या बघितल्या,
फळीची भिंत बघितली, वर राहिलेली वीतभर फट.
"तुम्ही शेजारीशेजारी बसता?" एवढंच बोलला.
मी त्याला त्याचा पट्टा परत दिला.
पट्टा सैल होत होता.

कॅप्टननं फॉर्म छापून आणले,
माहिती देवाणघेवाण, नमुना चार, तीन प्रतींत.
चहाचे कप ठेवायला बरे पडतात.
गुरुवारी सकाळी न्त्सेकीनं मिठाची बाटली
मधल्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला,
ठाऊक असलेलं नकोच.
काय ठाऊक नाही ते सांगा.
ठाऊक असलेलं माणूस हात राखून सांगतो.
नसलेलं सांगायला बसला
की खण कधी उघडतो, त्यालाच कळत नाही.

मोखेथींना जीपनं आणलं परवा.
नातीच्या शाळेच्या वहीत तीन तास
कान काढत बसले,
खाली गावाचं नाव, वर्ष, कुणाचं कोण.
एका पानावर हात थांबला.
"हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं."
पान उलटलं त्यांनी. आम्ही विचारलं नाही.
विचारायला हवं होतं का,
हे मी येत्या गुरुवारी सांगणार आहे,
मला ठाऊक नसलेल्या गोष्टींत.

लेबाजोआ अजून येत नाही.
दार लावून जेवतो, किल्ली कमरेला.
कुणी त्याला काही म्हणत नाही.
मीठ मात्र
रोज पाठवतो आम्ही.