दुसरी फेरी

जानेवारीतला रविवार, दिवाडीचा धक्का, सकाळचे सात.
सिप्रुबाब आब्रांचिस इस्त्रीच्या शर्टात उभा,
काखेत प्लास्टिकची पिशवी, पिशवीत मरून पासपोर्ट.
दोर सोडता सोडता मी विचारलं, मिस्साला नाही गेलास?
"व्होट घालूंक वता," म्हणाला.

कसलं व्होट? पंचायतीच्या यादीतून
त्याचं नाव गेलं त्याला सहा वर्षं झाली.
नातवाला स्विंडनच्या गोदामात लागायचं होतं,
म्हणून आजोबाचा जन्म आधी लिस्बनात नोंदला.
ज्या देशात पाऊल ठेवलं नाही
त्याचा राष्ट्राध्यक्ष निवडायचा हक्क
असा टपालातून घरी आला.

पणजीला कागदावर सात नावं होती.
त्याने एका मास्तरणीला मत दिलं.
का, तर फोटोत तिने चष्मा काढला नव्हता.
ती चौथी आली.

मला वाटलं, संपलं.
पण तिकडे निम्म्याहून एक तरी जास्त लागतं.
तेवढं कुणालाच पडलं नाही,
तर वरचे दोघे ठेवतात, बाकीचे पुसतात,
आणि एकविसाव्या दिवशी
सगळ्यांना परत बोलावतात.

मी हसलो. आमच्या वाड्यावर चौघे उभे होते,
एकशे चार मतांत पंच निवडून आला.
दोनशे सत्तर माणसं त्याला नको म्हणाली
आणि घरी जाऊन हुमण-भात जेवली.
त्यांना कोणी परत विचारलं नाही.

एकविसाव्या दिवशी तो आला. तोच शर्ट.
ओहोटी जोरात होती, बोटीत एक स्कूटर, दोन मासळीवाल्या.
"आता कोणाला?" मी म्हटलं.
"एकाचो राग येता," तो म्हणाला,
"आनी दुसरो बँकेतल्या मॅनेजराभशेन हांसता."
मग बराच वेळ कठड्याला धरून
मांडवीकडे बघत राहिला.
रागाच्या माणसाला अडवायचं
तर हसणाऱ्याच्या नावापुढे फुली.
नाहीतर घरी बसायचं
आणि मास्तरणीच्या चष्म्याशी इमान राखायचं.

ओहोटीत बोट सरळ नेता येत नाही.
तांडेल तोंड वर धरतो, पार त्या खारफुटीकडे,
नवख्याला वाटतं, हा चुकला.
पाणी तिला खाली ओढत आणतं
आणि ती रायबंदरच्या धक्क्याला लागते.
हे मी सिप्रुबाबला सांगितलं नाही.
तो ऐंशी वर्षं हेच पाणी ओलांडतोय.

दुपारच्या बोटीने परतला.
पिशवीत आता पासपोर्टावर पावांची पुडी.
फळी खाली टाकली, तो उतरला, मग वळला:
"त्या फावटीं म्हजें मत भायर उरलें.
आयज भितर आसा."

जिंकणाऱ्याच्या आत की हरणाऱ्याच्या,
ते मी विचारलं नाही.
मागे स्कूटरवाला हॉर्न वाजवत होता.