डिझेल संपतं तिथं

मले विचाराल तं पहिल्या नंबरवर
तो तांब्याच्या माणसाचा पिक्चर;
रडला की त्याच्या छातीतलं घड्याळ मागं पडे.
मारेगावच्या बाजारात, ताडपत्रीखाली पाह्यला,
दोन रुपये तिकीट, बुडाखाली तुरीचं कुटार.

पडद्याले एक ठिगळ होतं, डाव्या अंगाले.
सगळीच अंतराळयानं
त्या ठिगळापाशी आली की जराशी वाकडी होत.
नंतर यवतमाळात मोठ्या पडद्यावर पाह्यलं तं
यानं सरळ गेली. मजा नाही आली.

दुसरा, वेळेच्या बोगद्यातल्या बाईचा.
एका हातानं ट्रक चालवते, दुसऱ्यानं गोळ्या झाडते,
आन् तिची पोर मागच्या सीटवर म्हातारी होत जाते.
तो मी अर्धाच पाह्यला.
जनरेटरचं डिझेल संपलं.

डोमा कुमरे म्हणाला, चाल, मी सांगतो पुढचं.
त्यानं तरी कुठं पाह्यला होता!
पण नवरगावच्या वाटेवर, पऱ्हाटीतून,
त्यानं तोंडानं तीन हेलिकॉप्टर पाडले,
पोरीले परत लहान केलं,
मंग ट्रक नाल्यात उतरवला आन् म्हणे,
थांब, आता तिले तहान लागली असंल.
पाच मिनिटं आमी दोघंही गप.
ती पाणी पेली.

आता मोबाइलवर सापडतो तो पिक्चर.
पोरगा लावून देतो, म्हणतो, बाबा, शेवट तं पाहा.
मी बोट ठेवतो तिथंच,
डिझेल संपतं तिथं.

डोमा बल्लारशाले आहे, कोळशाच्या खाली,
रातपाळीवर. फोन लागत नाही.
ट्रक नाल्यातच उभा आहे अजून.
इंजन गरम आहे.